भिंगरीचं डोकं कोणावर गेलं

२ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. घ्यायचा तर घ्या, नाही तर पाकिटातच राहू द्या. फोन तुम्ही माझा उचलत नाही हे एव्हाना माझ्या लक्षात आलंय. पहिल्यांदा वाटलं, शिवणयंत्राच्या खडखडाटात ऐकू गेला नसेल. दुसऱ्यांदाही मी तशीच समजूत करून घेतली. मग मात्र म्हटलं, बाई गं, यंत्र काही दिवसभर चालत नाही. म्हणून हा कागद. कागदाचं एक बरं असतं, त्याचं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

बातमी आनंदाची आहे, ती आधी सांगते, रुसवेफुगवे मागून. आपल्या भिंगरीला अर्धशिशीच आहे! कोपऱ्यावरचे लहान मुलांचे डॉक्टर, तेच ते, ज्यांच्या दवाखान्यात माशांची एवढी मोठी पेटी आणि आत मासा एकच, त्यांनी पोरीला नीट तपासलं. डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि मला विचारलं, "आजी, घरात कुणाचं डोकं दुखतं का?" मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, "डॉक्टर, माझं दुखतं. माझ्या आईचं दुखायचं. आमच्या घरात निम्मी माणसं निम्म्या डोक्यानंच जगली." ते हसले. म्हणाले, "मग हे मायग्रेन. म्हणजे तुमचीच अर्धशिशी." तुमचीच! हा शब्द त्यांचा हो, माझा नाही.

नात आजारी आणि ही बया नाचते, असं म्हणाल. म्हणा. पण जरा विचार करा. पोरीचं नाक तुमच्या लेकीचं, रंग बापाचा, केस तुमचे, हट्ट दोन्हीकडचा. माझं म्हणून त्या पोरीत काही म्हणजे काही नव्हतं. जन्मल्या दिवसापासून शोधतेय, पायाची करंगळीसुद्धा तपासून झाली. आणि सात वर्षांची झाल्यावर निघालं ते हे. खाण तशी माती. दुखणं वाईटच, ते मला कोणी शिकवायला नको. इस्त्रीच्या दुकानात मी उभ्यानं जन्म काढला. इस्त्री तापली की माझं डोकंही तापायचं. एकदा एका वकिलाच्या काळ्या कोटावर इस्त्री टेकवली आणि डोक्यात अशी कळ आली की उचलायचंच विसरले. कोटाच्या पाठीवर होडीएवढा डाग. वकील भला माणूस. म्हणाला, "ठीक आहे बाई, आजपासून न्यायाधीशांना पाठ दाखवायची नाही, एवढंच." कुठे होते मी? हां, अर्धशिशी.

म्हणजे मागच्या खेपेला तुम्ही जे बोललात ते खरं नव्हतं, हे आता ठरलं. तुम्ही पोरीची वेणी घालत होता, मी स्वयंपाकघरात होते, आणि एकदम तुमचा आरडाओरडा, "फेफरं आलंय, फेफरं!" असला शब्द, तोही सगळ्या खिडक्या सताड उघड्या असताना. मी धावत आले तर पोर पांढरीफटक, ओकलेली, मान टाकून पेंगलेली. मी ओळखलं. माझ्या आईचा नियम होता, डोकं उठलं की अंधार, ओला रुमाल, दार बंद. आत कुणी जायचं नाही, कुणी हाक मारायची नाही. अर्धशिशीवाल्याला दुसऱ्याचा श्वाससुद्धा टोचतो. आईच्या बंद दाराबाहेरून आम्ही भावंडं चपला हातात घेऊन जायचो. माझं दार बंद असलं की माझा मुलगा तसाच जायचा. भिंगरीचंही मी तेच करते, आणि दोनेक तासांनी पोर आपलीआपण बाहेर येते, दूध मागते. तुमच्या मांडीवरून तिला उचललं, आत निजवलं, कडी घातली.

आणि मग बोलले ते बोलले. आमच्याकडे असलं काही नाही, असलंच तर तुमच्याकडचं असेल. एवढंच की. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, माझा स्वभावच तो. तुम्ही अर्धा शिवलेला फ्रॉक पिशवीत कोंबून संध्याकाळची बस धरलीत. तुमच्यासाठी ओतलेला चहा मीच प्यायले.

आता डॉक्टरांनीच निकाल दिला आहे, तेव्हा झालं गेलं सोडून द्या. जिंकलेल्या माणसानं आधी हात पुढे करावा म्हणतात, तो मी केला.

तुमची
विहीण

१८ फेब्रुवारी

विहीणबाई,

फ्रॉक मिळाला. पिवळा रंग भिंगरीला उठून दिसतो. दोन खिसे केलेत ते बरं केलंत, एकात खडू आणि एकात खडे असतात. पुडक्यात चिठ्ठी नव्हती. खिशातही हात घालून पाहिला. नव्हती.

काय लिहावं कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

गेल्या आठवड्यात शाळेतून बाईंचा फोन आला. भिंगरी धडा वाचायला उभी राहिली आणि वाचता वाचता थांबली. मुलं हसली. बाईंना वाटलं, शब्द अडला. जवळ गेल्या तर ही खिडकीकडे टक लावून उभी, हाक मारली तरी बघेना. मग म्हणाली, "बाई, रंगीत गोळे आले," आणि बाईंच्या चपलेवर ओकली. मग डोकं धरून रडली. मी म्हटलं, असंच असतं की. अर्धशिशीत डोळ्यांपुढे काहीबाही येतंच, मला नाही का भिंतीवर नागमोडी रेघा सरकताना दिसत? भिंगरीला म्हटलं, "नागमोडी दिसलं ना गं?" तर म्हणते, "नाही आजी, गोळे. लाल आणि निळे. कोपऱ्यातून उड्या मारत येतात." म्हटलं, "हळूहळू पसरतात ना?" तर म्हणते, "नाही, पटकन येतात." आता माझ्या रेघा तर चांगल्या अर्धा तास चालतात, भाजी निवडून होईस्तोवर. मी म्हटलं, असेल, नव्या पिढीचं सगळंच पटकन.

माशाच्या डॉक्टरांनी मात्र हे ऐकलं आणि हातोडी खाली ठेवली. मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे जा म्हणाले. गेलो. तुमची लेक, तुमचे जावई, मी आणि पिवळ्या फ्रॉकातली भिंगरी.

एक सांगू का, आमच्या घरात प्रत्येकाला पोरीच्या डोक्यात आपापलंच दुकान दिसतं. तुमची लेक चष्म्याच्या दुकानात, म्हणून डोकं दुखतंय म्हटल्यावर पहिल्याच दिवशी तिनं पोरीला भिंगं लावून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. पोरीनं सगळ्यात खालची ओळही वाचली, वर तो तक्ता छापला कुठे तेही वाचलं. तुमचे जावई जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळतात, म्हणून ते म्हणतात, कुठेतरी कनेक्शन ढिलं आहे. आणि माझं तुम्हाला माहीतच आहे.

डॉक्टरीणबाई वयानं तुमच्या लेकीएवढ्याच. आवाज हळू, पण प्रश्न असे की घाम फुटावा. आधी काय होतं, गोळे की डोकेदुखी? डोळे कुठल्या बाजूला जातात? हाक ऐकते का? हातपाय, हनुवटी, काही हलतं का? "सुरुवातीपासून शेवटापर्यंत कुणी पाहिलंय?" मी म्हटलं, "आम्ही दार लावून घेतो." लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. "दर वेळी?" म्हणाल्या. म्हटलं, "हो, पोरीला त्रास नको म्हणून."

त्यांनी समजावून सांगितलं, मी आपली मान हलवत राहिले. अर्धशिशी आणि फिट, मुलांमध्ये या दोघी एकमेकींची सोंगं घेतात म्हणे. फिटमध्येही मूल ओकतं, रंग बघतं, नंतर डोकं दुखतं. अर्धशिशीतही ओकतं, काहीबाही बघतं, डोकं दुखतं. औषधं मात्र वेगळी. "मग ओळखायचं कसं?" तुमच्या लेकीनं विचारलं. त्या म्हणाल्या, "ज्यानं पाहिलंय त्याच्या तोंडून ऐकून. यंत्रं नंतर."

मग तुमच्या लेकीनं बाहेर पायऱ्यांवर जाऊन तुम्हाला फोन लावला. परत आली ती मान खाली घालून. "आई म्हणते, मी काही पाहिलं नाही. मला काय कळतंय त्यातलं."

विहीणबाई, त्या दिवशी तर तुम्ही अख्खी गल्ली गोळा केलीत. आणि आता काही पाहिलं नाही?

खरं तर मी पेढे वाटायला हवेत. तुम्ही शब्द मागे घेतलात, माझं खरं ठरलं. पण घरी आल्यावर ताट तसंच पुढे सरकवलं. तुमची लेक म्हणाली, "आई, तुमचं डोकं दुखतंय का?" म्हटलं, "हो." दुखत नव्हतं.

तुमची
गोंधळलेली विहीण

५ मार्च

विहीणबाई,

उत्तर येणार नाही हे धरूनच चालले आहे. तरी टपालाच्या पेटीपर्यंत जाऊन येते, पाय मोकळे होतात.

पोरीच्या डोक्याला तारा लावून झाल्या. घाबरू नका, दुखत नाही. केस विंचरून विंचरून मधेमधे चिकट लेप लावतात आणि त्यात तारा बसवतात, ही एवढी जुडी. तुमचे जावई तर हरखूनच गेले. पोर राहिली बाजूला, यंत्राच्या मागे जाऊन तिथल्या मुलाला विचारतात, "अर्थिंग कुठे दिलंय?" त्या मुलानं त्यांना बाहेर काढलं. भिंगरी म्हणाली, "बाबा, तू शहाण्यासारखा वाग, नाहीतर तुलाही तारा लावतील." मी इतकी हसले की मलाही बाहेर काढलं. दोघं मायलेक बाकावर, आणि आत पोरीच्या डोळ्यांपुढे तपासणीचा दिवा लुकलुक, लुकलुक.

कागदावर डोंगरच डोंगर उमटले. मला वाटलं, आता होय की नाही ते कळेल. तर डॉक्टरीणबाई म्हणतात, मागच्या बाजूला थोडी खळबळ दिसते, पण नुसत्या अर्धशिशीच्या मुलांतही कधीकधी अशी दिसते, आणि फिट येणाऱ्या मुलांत कधीकधी काहीच दिसत नाही. मी म्हटलं, "म्हणजे बाई, यंत्रालाही कळत नाही?" त्या म्हणाल्या, "यंत्र साक्ष देतं आजी. निकाल मला द्यायचा असतो, आणि साक्षीदार एकच आहे." जावई म्हणाले, मोटारीचं असं नसतं, जळली की वास येतो.

वर आणखी म्हणाल्या की, या दोन दुखण्यांचं नातं आहे. एक असलं की दुसरं असण्याचा संभव इतर मुलांपेक्षा जास्त. घरात कुणाला अर्धशिशी असली तर तीही माहिती त्यांनी लिहून घेतली, फिटच्याच कागदावर लिहून घेतली. मी म्हटलं, "अहो, ती तिकडे कशाला लिहिता? ती माझी आहे." आता सांगा, माझ्या अर्धशिशीनं पोरीला अर्धशिशी द्यावी, हे मी समजू शकते. तिनं फिटच्या घरी कशाला जावं? डोकं चालेनासं झालं. मी एकच प्रश्न पुन्हा विचारला, त्यांनी न चिडता पुन्हा सांगितलं, आणि मला पुन्हा कळलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "आईच्या बाजूला कुणाला फिट?" तुमची लेक लगेच म्हणाली, "नाही." बसमध्ये मात्र खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आई, मला एक मामा होता."

सांगितलं तिनं. तुमचा धाकटा भाऊ. पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत ठेवायचे, तुम्ही दाराशी बसून शिवत राहायचा. त्याच्यासाठी तुम्ही शाळा सोडलीत. फिट आली की मोठी माणसं त्याच्या तोंडात चमचा घालायची आणि त्यात त्याचे पुढचे दात गेले. पुढे एकदा विहिरीवर एकटाच गेला. तुमच्या लेकीनं त्याला फोटोतच पाहिलंय, तोंड मिटलेलं.

हे मला माहीत नव्हतं, विहीणबाई. माहीत असतं तर मी ते वाक्य बोलले नसते. म्हणजे बोललेही असते कदाचित, राग आला की मला भान नसतं, पण त्या शब्दांत बोलले नसते.

तर मला वाटतं ते असं. मी पोरीत आपलं काहीतरी सापडलं म्हणून उड्या मारत होते. आणि तुम्ही तिकडे एकच प्रार्थना करत बसला आहात की, आपलं काही तिच्यात सापडू नये. म्हणून "पाहिलं नाही." बरोबर का? चुकत असेन तर चूक म्हणा, पण काहीतरी म्हणा.

आणखी एक. परवा दुपारी भिंगरीचं डोकं उठलं, मी निजवलं, दार लावलं. उठली तेव्हा चादर ओली होती. घामानं झाली असेल. उन्हाळा सुरू झालाय. मी धुऊन टाकली, वाळतही टाकली तुमची लेक यायच्या आत. गालही आतून चावला गेला होता तिचा. झोपेत चावला असेल. मुलं चावतात.

तुमची
विहीण

१४ मार्च

विहीणबाई,

घाम नव्हता.

काल मी आत बसले. आईचा नियम मोडला. भिंगरी शाळेतून आली, दप्तर टाकलं, म्हणाली, "आजी, गोळे." मी तिला पलंगावर घेतलं, पडदे ओढले, आणि बाहेर न जाता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. श्वाससुद्धा तोंडावर हात ठेवून घेत होते, टोचायला नको. मला वाटलं, आता ती माझ्यासारखी कण्हेल, उशीत तोंड खुपसेल. तशी काही कण्हली नाही. डोळे उघडे आणि दोन्ही एका बाजूला, दाराकडे, असे गेलेले की पांढरंच दिसावं. मी म्हटलं, "भिंगरे." तिला ऐकू आलं नाही. हनुवटी हलत होती, थंडीत हलते तशी. मग एक हात. मग ओकली, तशीच उताणी पडल्या पडल्या. घशात गुरगुर व्हायला लागली. आणि मी काय केलं सांगू? काही नाही. ओला रुमाल हातात धरून उभी राहिले. घसा मोकळा झाला तो तिचा तिनंच केला, मान वळली म्हणून. माझ्यामुळे नाही.

नंतर झोपली. उठल्यावर डोकं धरून रडली, ते मात्र अगदी माझं रडणं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जमलं तर मोबाईलवर चित्र घ्या. जावयांनी मला शिकवलंही होतं, इथे दाबा म्हणून. मी दाबलं होतं. संध्याकाळी सगळ्यांनी बघितलं तर चित्रात नुसतं छत आणि छताचा पंखा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. आवाज मात्र आलाय. मी सारखी "भिंगरे, भिंगरे" करते आहे. तुमचे जावई, एरवी पंखा दिसला की बेअरिंगवर बोलणारा माणूस, त्यांनी मोबाईल हळूच पालथा ठेवला. तुमची लेक उठून माझ्याजवळ येऊन बसली. मी चादरीचंही सांगून टाकलं. ती रागावली नाही, त्याचंच जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "अगदी पहिल्यांदा काय झालं? गोळ्यांनंतर लगेच डोळे फिरले की मध्ये बोलत होती?" मला सांगता येईना. मी पडदे ओढत होते, पाठ होती तिच्याकडे. अंधारही मीच केलेला. हात उजवा की डावा, तर मी समोरून पाहिलं, मग माझा उजवा तो तिचा डावा की काय, त्यातही अडकले. त्या म्हणाल्या, "वेणी घालताना पाहिलं त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल. औषध कुठलं द्यायचं ते त्यावर ठरेल. चुकीचं दिलं तर हे वाढत जाईल, आणि एखाद्या वेळी रस्त्यात होईल, पाण्यात होईल." पाण्यात म्हणाल्या. तुमच्या लेकीनं माझा हात धरला.

तुम्ही उजेडात पाहिलंत. पोर तुमच्या मांडीत होती, तुमच्या हातात तिचे केस होते. तुमच्यापेक्षा जवळून कुणी पाहिलेलं नाही. आणि तुम्हाला ओळख होती, मला नव्हती.

तुमच्याकडचं आहे असं कुणीही म्हणणार नाही. म्हणालं तर ते आधी माझ्याकडे येतील आणि इस्त्रीनं भाजून जातील. नसेल बोलायचं माझ्याशी तर नका बोलू, जन्मभर नका बोलू. डॉक्टरीणबाईंचा नंबर मागे लिहिला आहे. त्या दुपारी चारनंतर फोनवर असतात. सांगा हो त्यांना. माझी एवढीच भीक आहे.

तुमची
विहीण

२९ मार्च

विहीणबाई,

तुम्ही फोन केलात.

मला नाही केलात, ते बरोबरच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या विहीणबाईंनी असं सांगितलं की मी समोर बसून पाहिल्यासारखं झालं." पोर बोलता बोलता कशी थांबली, आधी डोळे, मग मान, मग ओठाचा कोपरा, तुमच्या कंगव्याकडून भिंतीकडे अशी कशी वळली, आणि डोकं दुखतंय असं ती सगळं संपल्यावरच म्हणाली. शेवटी तुम्ही विचारलंत म्हणे, "हे माझ्यामुळे आलंय का?" आणि रडलात. हे त्यांनी आम्हाला सांगायला नको होतं बहुतेक, पण तुमच्या लेकीनं खोदून विचारलं.

त्यांनी तुम्हाला काय उत्तर दिलं ते मला ठाऊक आहे, मला तेच दिलं. तुमच्या भावाचं दुखणं हेच होतं असं आज कुणी म्हणू शकत नाही. माझ्या अर्धशिशीचा हात आहे का, तेही नाही. दोन्ही घरांकडून थोडं थोडं आलं असेल, किंवा कुठूनच आलं नसेल. मी म्हटलं, "कुठूनच नाही असं कसं? आकाशातून पडलं?" त्या म्हणाल्या, "आजी, कधीकधी आम्हालाही कळत नाही." डॉक्टर असून असं म्हणाल्या. मला त्या जास्तच आवडायला लागल्या.

तर निकाल असा. भिंगरीला फिट येते आणि फिटच्या शेपटाला डोकेदुखी येते. आणि शिवाय कधीकधी नुसतीच डोकेदुखी, गोळ्यांशिवाय, ती निव्वळ अर्धशिशी. म्हणजे तुम्ही खऱ्या आणि मीही खरी, आणि दोघींपैकी कुणाचंच पूर्ण नाही. फिटचं औषध सुरू झालं. गोड पातळ औषध आहे, भिंगरी म्हणते संत्र्याचं सोंग घेतलंय. पुष्कळ मुलांचं हे मोठेपणी जातं म्हणाल्या, पण जाईलच असं लिहून दिलं नाही. मी मागितलं होतं.

औषध लागू पडेपर्यंत मधेच होऊ शकतं. त्यासाठी काय करायचं ते त्यांनी दाखवलं, भराभर. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, लांबलंच तर सरळ दवाखाना. घरी येईस्तोवर माझ्या डोक्यात सगळ्याची खिचडी. कुठल्या कुशीवर? डोकं कुठे? माझा हात कुठे?

तुमच्या लेकीला सकाळी दुकान, जावयांना कारखाना. दुपारची पोर माझ्यापाशी. मला भीती वाटते, विहीणबाई. मला येऊन शिकवा. पलंग तुमचा, मी खाली निजेन.

तुमची
विहीण

२० एप्रिल

विहीणबाई,

घरी नीट पोचलात हे तुमच्या लेकीकडून कळलं. फोन मला करायचा होतात, पण चला, सवय एकदम थोडीच मोडते.

तुम्ही गेल्यापासून घर मोठं झालंय. भिंगरी तुमच्या जागेवर कुणाला बसू देत नाही. मला अजून हसू येतं, तुम्ही पलंगावर भिंगरी होऊन पडलात, मी तुम्हाला कुशीवर वळवायला गेले आणि तुम्ही वळेचनात. "अहो, जरा अंग सोडा," मी म्हणते, आणि तुम्ही, "फिट आलेली बाई अंग सोडते होय? करा जोर!" मग माझा जोर असा लागला की तुम्ही पलंगापलीकडेच. भिंगरी टाळ्या पिटते आहे, "पुन्हा, पुन्हा!" दुसऱ्या दिवशी मी भिंगरी झाले आणि तुम्ही वळवलंत. माझ्या गालाखाली हात ठेवलात, मान किंचित मागे केलीत, आणि तुमचा हात तिथे तसाच राहिला. हसायचं थांबलात. मी डोळे उघडले नाहीत. म्हटलं, राहू दे.

हे लिहायला कारण झालं. काल झालं.

दुपारी जमिनीवर चित्र काढत होती. खडू थांबला. मी विचारलं, "गोळे?" तर उत्तर नाही. मी खाली बसले, माझ्या गुडघ्यांचे आवाज तुम्हाला तिकडे ऐकू गेले असतील. वळवलं. वळली. गालाखाली हात, मान मागे, तोंड खाली, जसं तुम्हाला केलं होतं तसंच, फक्त ही कितीतरी हलकी. ओकली ते बाहेर आलं, घशात काही राहिलं नाही. मी बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही, वकिलाच्या कोटाची गोष्ट सांगितली बहुतेक, तीच तोंडात बसली आहे. हात कुठला हलला ते या वेळी नीट पाहिलं, उजवा, तिचा उजवा, डॉक्टरीणबाईंना सांगितलंसुद्धा. मागच्या वेळेपेक्षा लवकर थांबलं. त्या म्हणाल्या, औषध लागू पडतंय असं दिसतं, थोडं वाढवू.

मग डोकं दुखायला लागलं. ते मला येतं. ओला रुमाल, उजेड कमी, कपाळावर अंगठा कुठे दाबायचा ते मला अंधारातही सापडतं. हळूहळू कण्हणं थांबलं. फिट कुठे संपली आणि अर्धशिशी कुठे सुरू झाली, विचाराल तर मला अजूनही सांगता येणार नाही. मध्ये कुठे रेघ दिसली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, इकडे तिकडे पाहिलं. फरशीवर अर्धं चित्र, खडू फुटलेला, डोकं माझ्या मांडीवर. तिला काही आठवत नव्हतं. म्हणाली, "आजी, मघाशी मी कुठे होते गं?"

"माझ्यापाशी," मी म्हटलं.

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

तेवढ्यावर तिचं समाधान झालं आणि ती दुसरा खडू शोधायला गेली.

तुमची
विहीण